चॅटबॉटवरचा पेपर पहिल्यांदाच वर्कशॉपला पाठवताय? मग हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा

चॅटबॉटवर काम करणारी जी मराठी पोरं-पोरी मला भेटतात ती सगळी मॉडेलबद्दल बोलतात, कुठलं मॉडेल घेतलं, किती डेटावर फाइनट्यून केलं, अॅक्युरसी किती आली, आणि मग पेपर पाठवायची वेळ आली की एनएलपीच्या (भाषेवर काम करणाऱ्या कॉम्प्युटर सायन्सच्या) मोठ्या कॉन्फरन्सशिवाय दुसरं काही डोळ्यांसमोर येतच नाही. पण बॉटशी बोलणाऱ्या माणसाचं काय होतं, त्याला उत्तर समजलं का, त्याने त्यावर विश्वास ठेवला का, ठेवायला हवा होता का, हे विचारणाऱ्या लोकांचंही एक वेगळं जग आहे आणि ते दरवर्षी कुठेतरी जमतात. हा लेख त्यांच्याकडे आपलं काम घेऊन कसं जायचं याबद्दल आहे. मराठी माणसांसोबत काम करणाऱ्याकडे तिथे सांगण्यासारखं खूप असतं हे मी अगदी मनापासून म्हणतोय.

कुठे जमतात हे लोक

या लेखात मी मुख्यतः कन्व्हर्सेशन्स नावाची वर्कशॉप, म्हणजे संशोधकांची छोटी परिषद, डोळ्यांसमोर ठेवलीय. २०१७ला ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला सुरू झाली, मग २०१८ला सेंट पीटर्सबर्ग, २०१९ला अॅमस्टरडॅम, कोविडच्या दोन वर्षांत ऑनलाइन, २०२२ला परत अॅमस्टरडॅम, २०२३ला ओस्लो, २०२४ला परत थेस्सालोनिकी आणि २०२५ला जर्मनीतलं ल्युबेक. नॉर्वेच्या सिन्टेफ संस्थेतले आसब्यर्न फोलस्टाड, अॅमस्टरडॅम युनिव्हर्सिटीतले थिओ अराउजो, थेस्सालोनिकीचे सिमिऑन पापाडोपुलोस, एफी लॉ ही मंडळी ती वर्षानुवर्षं चालवतायत. यात कॉम्प्युटरवालेही आहेत आणि कम्युनिकेशन, सायकॉलॉजीवालेही, आणि तीच खरी मजा आहे. पेपर स्प्रिंगरच्या लेक्चर नोट्स मालिकेत पुस्तकरूपाने येतात.

दुसरी जागा म्हणजे एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या जागतिक संस्थेची सीयूआय, कन्व्हर्सेशनल यूजर इंटरफेसेस, २०१९ला डब्लिनला सुरू झाली, नंतर ग्लासगो, आइंडहोवन, लक्झेंबर्ग, २०२५ला कॅनडात वॉटरलू. तिथे प्रोव्होकेशन नावाचा एक छोट्या पेपरचा प्रकार आहे, एखादा टोकदार मुद्दा मांडायचा असेल तर तो बघा. आणि आधी घराजवळ सराव करायचा असेल तर इंडिया एचसीआय ही माणूस आणि कॉम्प्युटरच्या नात्यावरची भारतातली कॉन्फरन्स आहेच.

आधी प्रश्न कोणाचा आहे ते ठरवा

ही पायरी लोक पाच मिनिटांत उरकतात आणि पुढे पेपर तिथेच पडतो. "मराठी शेतकऱ्यांसाठी एलएलएम-आधारित चॅटबॉट" (एलएलएम म्हणजे मोठं भाषिक मॉडेल) हा प्रश्नच नाही, ही एक वस्तू झाली. प्रश्न असा हवा की त्यात एक माणूस आहे, त्याची एक अडचण आहे आणि बॉटमुळे त्यात काहीतरी बदलतं किंवा बदलत नाही. समजा तुम्ही नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांसाठी बॉट केलाय, तर "रोगाचं निदान करताना बॉटने उलट प्रश्न विचारले तर शेतकऱ्याला ते उपयोगी वाटतात की वेळखाऊ" हा प्रश्न. याचं उत्तर आधीपासून माहीत नाहीये, आणि ते शोधायला बागेतल्या माणसांशीच बोलावं लागेल.

इथे उत्तर चुकलं तर काय होतं हेही लिहा, कारण रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा, युरोपात बसलेला असतो आणि त्याला द्राक्षबागेचं अर्थकारण माहीत नसतं. २०१०ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते आणि शेतकऱ्यांपासून निर्यातदारांपर्यंत सगळ्यांना फटका बसला होता. काढणीच्या तोंडावर चुकीचं औषध सुचवणारा बॉट म्हणजे काय हे या एका उदाहरणात कळतं.

जगातली उदाहरणंही हाताशी ठेवा. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाइकाच्या निधनासाठीची भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते, प्रत्यक्षात तसं नव्हतं, प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रायब्युनलकडे गेलं, कंपनीने तिथे बॉटच्या बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही असा पवित्रा घेतला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ट्रायब्युनलने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. दुसरं, अमेरिकेत इटिंग डिसऑर्डर असलेल्यांना मदत करणाऱ्या नेडा संस्थेचा टेसा बॉट, तो वजन कमी करायचे सल्ले देऊ लागला म्हणून २०२३ला बंद करावा लागला. दोन्हीकडे बॉटची भाषा एकदम अस्खलित होती, अडचण ते उत्तर समोरच्या माणसाच्या परिस्थितीत काय करतं यात होती. तुमच्या इंट्रोडक्शनमध्ये अशी एखादी घटना आणि तिच्या शेजारी तुमच्या गावातली परिस्थिती, एवढं पुरतं.

मग वाचन, पण सगळं नाही

सुरुवात एका पेपरने करा. या वर्कशॉपला जमलेल्या लोकांनीच मिळून २०२१ला कॉम्प्युटिंग नावाच्या जर्नलमध्ये चॅटबॉट रिसर्चची पुढची दिशा काय असावी यावर एक मोठा लेख लिहिला. त्यात सहा भाग केलेत: वापरणारे लोक आणि त्यांच्यावरचे परिणाम, अनुभव आणि डिझाइन, फ्रेमवर्क आणि प्लॅटफॉर्म, एकत्र काम करण्यासाठी चॅटबॉट, चॅटबॉट सगळ्यांपर्यंत पोचवणं, आणि एथिक्स व प्रायव्हसी. आपला प्रश्न या सहापैकी कुठे बसतो ते एका वाक्यात लिहून बघा. तीन ठिकाणी बसतोय असं वाटलं तर प्रश्न अजून मोठा आहे, कापा. आणि मराठीवाल्यांना पाचवा भाग जवळचा वाटेल हे खरं, पण फक्त "आमच्या भाषेत बॉट नाही म्हणून केला" एवढ्यावर पेपर उभा राहत नाही, भाषेमुळे संवादात नेमकं काय वेगळं घडलं ते दाखवायला लागतं.

त्यानंतर वर्कशॉपच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या पुस्तकांची अनुक्रमणिका काढा आणि तुमच्याजवळ जाणारे सात-आठ पेपर नीट वाचा. भारतातलं कामही सोडू नका, पुण्याच्या एल३क्यूबचे मराठी डेटासेट, आयआयटी मद्रासचं एआय४भारत, २०२३ला व्हॉट्सअॅपवर सरकारी योजनांची माहिती देणारा जुगलबंदी बॉट, हे संदर्भ युरोपियन वाचकाला नवीन असतात आणि तुमचं काम हवेत तरंगत नाहीये हे त्यातून दिसतं.

परवानगी, आणि ती खरीखुरी

कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे आधी अर्ज करा, अभ्यास झाल्यावर नाही. मागच्या तारखेची परवानगी मिळत नसते आणि ती नसेल तर पेपर अडतो. तुमच्या कॉलेजात अशी कमिटीच नसेल तर गाइडच्या ओळखीने ज्या संस्थेत आहे तिच्यासोबत मिळून काम करा.

संमतीपत्र मराठीत लिहा, आणि शासकीय जीआरसारखं नको, माणसाला वाचून दाखवलं तर समजेल असं. त्यात एवढं हवंच: समोर मशीन आहे, बोलणं साठवलं जाणार आहे, किती दिवस, कोण बघणार, आणि मधेच सोडून गेलात तरी काही बिघडत नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याची तोंडी संमती रेकॉर्ड करता येते, फक्त ते कमिटीच्या अर्जात आधी लिहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात रिसर्चला काही अटींवर सूट आहे, पण त्या सुटीच्या भरवशावर राहू नका, संमती घ्याच. आणि त्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, म्हणजे ज्युनिअर कॉलेजच्या मुलांवर अभ्यास करणार असाल तर पालकांची संमती लागणार.

व्हॉट्सअॅपवर अभ्यास असेल तर चॅट एक्सपोर्ट केल्या केल्या नंबर काढून टाका आणि प-१, प-२ असे कोड द्या. गावात नाव काढलं तरी माणूस ओळखू येतो, "तलाठी ऑफिससमोरची बाग" एवढ्यावरून सगळ्यांना कळतं कोण ते, त्यामुळे जागेचे उल्लेखही पुसावे लागतात.

आता खरं काम: लोकांना बॉटशी बोलू द्या

बॉट पूर्ण व्हायची वाट बघू नका. विझर्ड ऑफ ऑझ नावाची जुनी पद्धत आहे, पडद्याआड माणूस बसून उत्तरं टाइप करतो आणि समोरच्याला वाटतं मशीन बोलतंय. उलट प्रश्न विचारणारा बॉट लोकांना आवडतो का हे कळायला एवढं पुरतं, एक ओळ कोड न लिहिता. फक्त शेवटी त्या माणसाला खरं काय होतं ते सांगायचं आणि त्याचं बोलणं वापरायला पुन्हा विचारायचं, हे टाळायचं नाही.

किती माणसं लागतात हा प्रश्न सगळे विचारतात. मुलाखती घेऊन खोलात जाणार असाल तर पंधरा-वीस जणांत बरंच हाती लागतं, दोन बॉटची आकड्यांत तुलना करणार असाल तर आधी पॉवर अॅनालिसिस (फरक असला तर तो दिसायला किती माणसं लागतील याचा हिशेब) करून आकडा काढा आणि तो कसा काढला ते पेपरात लिहा. पण माणसं कोण हे आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. हॉस्टेलमधली इंजिनिअरिंगची मुलं शेतकरी बनून बॉटशी बोलली तर तो अभ्यास शेतकऱ्यांचा होत नाही, आणि या लोकांसमोर तो टिकणारही नाही. बागेतल्या माणसाकडे जायचं तर त्याच्या वेळेने जा, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या धांदलीत तुमच्याशी तासभर कोणी बोलणार नाही, दुपारी जेवणानंतर किंवा संध्याकाळी पारावर बोलतील. आणि टाइप करायची सक्ती नको, बरेच जण व्हॉइस मेसेजच पाठवतात, मागे ट्रॅक्टर चालू असतो, तोही तुमचा डेटाच आहे.

प्रत्येकाला खरं काम द्या. "बॉटला काहीतरी विचारा" म्हटलं की लोक "तुझं नाव काय" विचारतात आणि गप्प बसतात. त्याऐवजी "गेल्या महिन्यात बागेत जी शेवटची अडचण आली ती यालाच सांगा बरं" असं म्हणा, मग बघा कसं बोलणं सुरू होतं.

प्रश्नावली वापरायची तर एसयूएस ही वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणारी दहा वाक्यांची जुनी पट्टी आहे, जॉन ब्रुक यांनी १९८६मध्ये केलेली. उत्तरं १ ते ५ मध्ये असतात, विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५ने गुणायचं, ० ते १०० मधला आकडा मिळतो, ६८च्या आसपास सरासरी धरतात. तो आकडा टक्केवारी नाही हे लक्षात ठेवा, रिव्ह्यूअर यावर हमखास पकडतात. अडचण अशी की त्यातली वाक्यं एक सोडून एक उलटी आहेत आणि वाचून दाखवताना लोक गोंधळतात, म्हणून मराठी भाषांतर करून घ्या, दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून ताडून बघा, आणि चार-पाच जणांवर आधी चालवून बघा. चॅटबॉटसाठीच केलेली बस-११ नावाची पट्टीही आहे, ती संवादाबद्दल जास्त विचारते.

आणि मोठी भाषिक मॉडेल वापरत असाल तर मॉडेलचं नाव, व्हर्जन, तारीख, टेंपरेचर (उत्तरात किती फरक पडू द्यायचा ती सेटिंग) आणि पूर्ण प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) त्याच दिवशी फाइलमध्ये उतरवून ठेवा. कंपन्या मॉडेल बदलत राहतात, दोन महिन्यांनी तेच उत्तर परत मिळेल याची खात्री नाही.

ट्रान्सक्रिप्ट वाचायला सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते पेपर इथे घडतो. समजा असा संवाद तुमच्या हाती आला:

शेतकरी: पानाला तेलकट डाग पडलेत काय मारू
बॉट: ही डावणीची लक्षणं असू शकतात. (पुढे औषधांची मोठी यादी)
शेतकरी: मागच्याच आठवड्यात मारलंय यातलं
बॉट: ही डावणीची लक्षणं असू शकतात. (तीच यादी पुन्हा)
शेतकरी: बरं

डॅशबोर्डवर हा संवाद यशस्वी म्हणून मोजला जाईल, कारण निदान बरोबर आहे, उत्तर मिळालं, तक्रार नाही, शेवट सभ्य. पण हा माणूस निघून गेलाय. त्याला हवं होतं ते त्याच्याच दुसऱ्या ओळीत होतं, मारूनही गेलं नाही तर आता काय, पाऊस झाला म्हणून धुऊन गेलं का, तेच औषध परत मारलं तर काढणीपर्यंत रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, राहील का. बॉटने "कधी मारलं, नंतर पाऊस झाला का, काढणीला किती दिवस आहेत" एवढे तीन प्रश्न विचारले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. असे पाच-सहा संवाद नीट उलगडून दाखवलेत तर अॅक्युरसीच्या तक्त्यापेक्षा ते लोकांच्या जास्त लक्षात राहतात.

पद्धत म्हणून थीमॅटिक अॅनालिसिस (बोलण्यातून पुन्हा पुन्हा येणारे विषय शोधणं) घ्या, ब्रॉन आणि क्लार्क यांचा २००६चा लेख यासाठी सगळे वापरतात, पण त्यातल्या पायऱ्या खरंच करा, नुसतं नाव टाकू नका. कोडिंग, म्हणजे वाक्यांना अर्थाची लेबलं लावणं, मराठी ट्रान्सक्रिप्टवरच करा, इंग्रजी भाषांतरावर नको, कारण भाषांतरात "बरं" चं ओके होतं आणि त्यातला थकवा निघून जातो. दोघांनी वेगवेगळं कोडिंग करून मग बसून वाद घालणं चांगलं, आणि ज्याने मुलाखती घेतल्यात तो एक असावाच. मग तो माणूस तक्रार न करता का थांबला याच्या नोंदीही तुमच्याकडे असतात, बहुतेक वेळा मुलाखतीत तो स्वतःच सांगतो की मशीनशी काय भांडायचं.

लिहिताना

पेपरचे प्रकार साधारण असे असतात: पूर्ण पेपर, आपली भूमिका मांडणारा छोटा पोझिशन पेपर, आणि एखाद्या विषयावर तिथे गटचर्चा घ्यायचा प्रस्ताव. पानांची मर्यादा आणि रिव्ह्यूअरपासून लेखकांची नावं लपवायचे नियम वर्षागणिक बदलू शकतात म्हणून त्या वर्षीचं पेपर मागवणारं आवाहन प्रिंट काढून समोर ठेवा. अभ्यास अर्धा झाला असेल तर पोझिशन पेपर पाठवा, त्यात कमीपणा अजिबात नाही, चर्चा तर जास्त मिळते.

नाव लपवून पाठवायचं असेल तर फक्त लेखकांची नावं काढून भागत नाही, "आमच्या मागच्या कामात" असली वाक्यं, एथिक्सच्या परवानगीतलं कॉलेजचं नाव, गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक, पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं नाव, सगळं तपासा.

मराठी संवाद पेपरात मूळ देवनागरीत द्या आणि खाली इंग्रजी अर्थ द्या. स्प्रिंगरच्या लेटेक (पेपर मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) टेम्प्लेटमध्ये साध्या पीडीएफलेटेकने देवनागरी धड येत नाही, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. झीलेटेक किंवा लुआलेटेक वापरा, फॉन्टस्पेक पॅकेज आणि नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता फॉन्ट, आणि फायनल द्यायच्या आधी प्रकाशकाला ते चालतं का विचारा. नाहीच चाललं तर संवादाची वेक्टर पीडीएफ आकृती करून टाका, स्क्रीनशॉट नको, छपाईत फाटतो.

मर्यादा लिहायचा भाग मनापासून लिहा. बायका अभ्यासात कमी आल्या असतील, फोन घरात पुरुषाकडेच असेल, तर तसं लिहा आणि त्यामुळे काय निष्कर्ष काढता येत नाही तेही लिहा.

डेडलाइनच्या पुढे एओई लिहिलेलं असतं, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख उरली असेल तोपर्यंत. भारतात ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. पण तोवर थांबू नका, आदल्या दिवशी एक पूर्ण व्हर्जन अपलोड करून टाका, बदलता येतं.

रिव्ह्यू आले की एक दिवस काही करू नका, मग प्रत्येक मुद्द्याचा तक्ता करा, काय बदललं, कुठे बदललं, काय बदललं नाही आणि का. नकार आला तरी हाच तक्ता करा आणि पुढच्या ठिकाणी पाठवा.

व्हिसा आणि पैसे

हे उशिरा सुरू केलं तर सगळं वाया जातं. पेपर स्वीकारल्याचं कळल्यावर वर्कशॉपपर्यंत फार वेळ नसतो, म्हणून पासपोर्ट आधीच तयार पाहिजे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात पण ४५पर्यंत जाऊ शकतात. फी ९० युरो, आणि ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं. वर्कशॉप ज्या देशात त्याच देशाकडे अर्ज करायचा, आणि आयोजकांकडून निमंत्रणपत्र लगेच मागायचं, त्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

पैशांसाठी आधी कॉलेजला विचारा, मग एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन निधी संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची, परदेश प्रवास मदत योजना, पीएचडी करणाऱ्यांसाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (भारतातल्या कॉम्प्युटर सायन्स संशोधकांची संघटना) यांचं अनुदान, आणि सिगची या एसीएमच्या गटाच्या कॉन्फरन्ससाठी गॅरी मार्सडेन ट्रॅव्हल अवॉर्ड. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, कुठली कॉन्फरन्स चालते तेही वेगळं, त्यामुळे पेपर पाठवायच्या आधीच त्या वाचून ठेवा. रजिस्ट्रेशन फीमध्ये विद्यार्थ्यांची सवलत आहे का ते आयोजकांना सरळ ईमेल करून विचारा.

तिथे गेल्यावर

वर्कशॉप लहान असते, दोन दिवसांची, त्यामुळे ज्यांचे पेपर वाचलेत ते लोक कॉफीच्या रांगेत तुमच्या शेजारी उभे असतात. बोला त्यांच्याशी. "तुमचा पेपर आवडला" म्हणून थांबू नका, "तुमच्या अभ्यासात लोकांनी बॉट मधेच का सोडला" असं काहीतरी विचारा.

प्रेझेंटेशनमध्ये मॉडेलचं आर्किटेक्चर एका स्लाइडवर संपवा. एक संवाद घ्या, ओळीओळीने दाखवा, शक्य असेल आणि संमती असेल तर मराठी आवाज ऐकवा, खाली इंग्रजी. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तर युरोपात दुपारी चारला अंधार पडतो आणि दुपारनंतर सगळे थोडे मरगळलेले असतात, खरा माणसाचा आवाज ऐकला की खोली जागी होते. प्रश्नोत्तरात "हे मराठीपुरतंच आहे का" असं कोणी विचारलंच तर बचाव करत बसू नका, उलट प्रश्न न विचारणारा बॉट नॉर्वेच्या बँकेतही असाच वागेल का हे त्यांनाच विचारा, तिथून चर्चा खरंच पुढे जाते.

गटचर्चेत एक जण लिहून घेतो, ते काम स्वतः मागून घ्या. सगळ्यांची नावं, विषय कळतात आणि नंतर नोट्स पाठवायच्या निमित्ताने ओळख टिकते.

परत आल्यावर

पुस्तक साधारण पुढच्या वर्षी येतं, म्हणजे तिथे मिळालेल्या सूचनांवरून अंतिम पेपर सुधारायला वाव असतो का ते आयोजकांना विचारा, असेल तर तो वापरा. डेटा देण्याची संमती घेतली असेल तर नावगाव काढलेले संवाद झेनोडो या रिसर्चचा डेटा ठेवायच्या साइटवर टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, लायसन्स स्पष्ट लिहा. आणि ज्यांनी वेळ दिला त्या बागायतदारांना निकाल सांगा, त्याच व्हॉट्सअॅपवर, तीन-चार मिनिटांच्या मराठी व्हॉइस मेसेजमध्ये, काय सापडलं, बॉटमध्ये काय बदलणार, कधी बदलणार, आणि त्यांना त्यात काही चुकीचं वाटलं तर कुणाला फोन करायचा.